छान म्हणणारा नवरा आणि शेपूचं सूप

शनिवार, ३ जुलै २०२१. फोरबर्ग, नेदरलँड्स

आज आमटीत मीठ घालायला विसरले आणि रमेश म्हणाला, "छान झालीय."

हे लिहून ठेवते आहे, कारण पुढे कधी कोणी विचारलं की संशय नेमका केव्हा आला, तर तारीख हाताशी असावी. हूफडॉर्पच्या ऑफिसात मी विम्याचे दावे तपासते. गेले सोळा महिने ते ऑफिस आमच्या जेवणाच्या टेबलावरच भरतं. लोक कुठे खोटं बोलतात हे शोधण्याचा मला पगार मिळतो. एकोणीस वर्षांत एवढं कळलंय की ज्याच्या घरी खरोखर चोरी झालेली असते तो फोनवर खेकसतो. जो गोड बोलतो, त्याची फाइल पुन्हा उघडायची.

तर फाइल अशी. लग्नाला चोवीस वर्षं. सासूबाईंचा, राधाबाईंचा, दंडक होता की स्वयंपाक करताना चव घ्यायची नाही, नैवेद्याआधी उष्टं होतं. सासूबाई गेल्या. देव आमच्याकडे पुस्तकांच्या शेल्फात एका कप्प्यात राहतात आणि त्यांना वर्षातून चारदा नैवेद्य मिळतो. पण हाताची सवय गेली नाही. त्यामुळे या घरात मीठ बरोबर आहे का, हे सर्वांत आधी रमेशला कळतं. पहिला घास, मग छताकडे नजर, मग निकाल: "मीठ जरा…" बस. कमी की जास्त, ते भुवईवरून ओळखायचं.

फेब्रुवारीपासून हे निकाल बंद आहेत. बर्फ पडलं त्या आठवड्यात त्याला करोना झाला. हाउसआर्ट्सने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, फोनवरच पॅरासिटामॉल सांगितली. दहा दिवस तो माळ्यावरच्या खोलीत होता. मी जिन्यात ताट ठेवायची आणि पळायची. अकराव्या दिवशी खाली आला तेव्हापासून सगळंच छान. भात छान, करपलेली पोळी छान. तेव्हा वाटलं, आजारपणाने माणूस सुधारला. पन्नाशीत कोणी सुधारत नसतं.

आजची आमटी आईच्या मसाल्याची होती. शनिवारी तीच करते. २०१९च्या दिवाळीला नाशिकहून आणलेला डबा, आता तळ दिसतो. मी स्वतः घेतली नाही. शनिवारी मला दहीभात बरा वाटतो. मिठाची वाटी ओट्यावर जशीच्या तशी सापडली म्हणून कळलं. तोवर त्याने दोन वाट्या संपवल्या होत्या.

मंगळवार, ६ जुलै

चाचणी घेतली. फ्लॉवरच्या भाजीत मीठ शून्य, तिखट तिप्पट.

नीरजाने (वय सतरा, मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत) एक घास घेऊन काटा खाली ठेवला. "ममा, धिस इज अ‍ॅन अटॅक."

रमेशच्या कपाळावर घाम होता, डोळ्यांत पाणी होतं, आणि तोंड "छा" म्हणण्यापुरतं उघडलेलं होतं. त्याने नीरजाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तोंड मिटलं. मग म्हणाला, "तिखट झालीय नाही जरा?"

मिठाबद्दल एक अक्षर नाही.

एक साक्षीदार आधी दुसऱ्याकडे बघतो आणि मग जबाब देतो, तेव्हा आम्ही ऑफिसात लाल खूण करतो. आज केली.

शनिवार, १० जुलै

दर शनिवारी दहाला हा "गुडघ्यांसाठी" चालायला जातो. मेपासून. एकला परत येतो. आज मी दारातच उभी राहिले. लसूण, व्हिनेगर आणि वर दारूचा एक बारीक पदर. गुडघ्यांना एवढं सगळं लागतं हे माहीत नव्हतं.

तो अंघोळीला गेल्यावर सायकलींच्या शेडमध्ये गेले. रंगाच्या डब्यांमागे चार बुटक्या बाटल्या, जॅमच्या असतात तशा. आत कापूस. एकीत लवंग, एकीत लिंबू, एकीत निलगिरी, एकीत गुलाब.

लवंग, लिंबू, निलगिरी माणूस समजू शकतो. गुलाब नाही.

बुधवार, १४ जुलै

संध्याचा फोन. माझी ही मैत्रीण लायडस्खेनडामला राहते, लॉकजवळ, म्हणजे बोटींसाठी पाणी अडवणाऱ्या दारांजवळ, आणि तिच्या खिडकीतून अर्धा फ्लीट कालवा दिसतो. ती आधी पाऊस, लस, मुलांच्या शाळा असं फिरून आली. मग म्हणाली, सांगू की नको असं झालंय. म्हटलं, सांगणारच आहेस तर बसून सांग.

"भावजी फ्लीटच्या काठाला बाकावर होते, गं. एक गोरी बाई होती शेजारी, साठीची असेल. भावजी डोळे मिटून बसलेले आणि ती त्यांच्या नाकाशी काहीतरी धरत होती."

"काय धरत होती?"

"ते नाही दिसलं. पण किती वेळ, नीला."

साठीची. याचा राग जास्त आला. तीस वर्षांची असती तर निदान कारण समजलं असतं.

शनिवार, १७ जुलै

आमटी. "छान." मी दहीभात. विशेष काही नाही.

शनिवार, ७ ऑगस्ट

त्याच्या विंडचीटरच्या खिशात एक घडी केलेला कागद. "चेक खाणं-पिणं, चालत चालत. फोरबर्ग ते लायडस्खेनडाम लॉक, तीन तास, सहा माणसं, दीड मीटर." खाली फोटो: पांढरे आखूड केस, लाल एप्रन, पुढे पेटी असलेली मोठी सायकल. नाव लुडमिला. बारा वर्षं प्रागमध्ये पर्यटकांना खाऊ घालत फिरवलं, टाळेबंदीत मुलीकडे आली आणि इथेच राहिली, असं तिने स्वतःच लिहिलंय.

म्हणजे माझा नवरा दर शनिवारी चेक प्रजासत्ताकाचा पाहुणचार झोडून येतो आणि मग घरी माझ्या आमटीला छान म्हणतो. एखाद्याला एवढं खाऊन वर खोटं बोलायची शक्ती कशी उरते?

एकविसाव्या तारखेची एक जागा बुक केली. नाव घातलं: संध्या.

शनिवार, २१ ऑगस्ट

सगळं क्रमाने लिहिते.

मोठी हॅट, काळा चष्मा, मास्क. उघड्यावर मास्कची सक्ती नव्हती, त्यामुळे सगळ्यांमध्ये मीच उठून दिसत होते. चर्चच्या बाजूला पाचजण उभे. एक निवृत्त डच जोडपं, दोन स्पॅनिश मुली, आणि रमेश. रमेशने मला तीन सेकंदांत ओळखलं. चोवीस वर्षं ज्या चपला दारात बघितल्या त्या बदलायच्या राहिल्या होत्या.

लुडमिलाने यादी वाचली. "संध्या?" मी हात वर केला. रमेशने माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. नंतरचे तीन तास त्याने मला संध्याबाई म्हटलं.

पहिला थांबा पुलापाशी. पावाच्या तिरक्या कापावर बटाट्याचं सॅलड, अंडं, वर काकडीचं लोणचं. याला ते ख्लेबिचेक म्हणतात आणि पाहुणा आल्यावर पहिलं हेच पुढे करतात. आपले पोहे समजा. डच जोडपं "लेक्कर", म्हणजे चविष्ट, म्हणालं. ते तीन तास प्रत्येक गोष्टीला लेक्करच म्हणत होते, म्हणजे त्यांच्याही घरी काहीतरी दडवलेलं असणार.

दुसरा थांबा विलो झाडांखाली. थर्मासमधून वाफाळतं पांढरं सूप. मशरूम, बटाटा, साय, व्हिनेगर, वर उकडलेलं अंडं. कुलाय्दा. झाकण उघडलं आणि दोन मीटरवरून मला कळलं. शेपू. मूठभर नाही, जुडीच्या जुडी.

इथे नोंद करायला हवी की रमेश आणि शेपू एका घरात राहू शकत नाहीत. वर्षातून एकदा, गौरी येतात त्या दिवशी, मी शेपूची भाजी आणि भाकरी करते, कारण तो नैवेद्यच तसा. त्या दिवशी हा माणूस सकाळपासून बाल्कनीत बसतो, खिडक्या उघडतो, आणि "गौरीला दुसरं काही आवडत नाही का" हे दरवर्षी नव्याने विचारतो. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मी बिचारीने हौसेने डाळ घालून शेपूची भाजी केली होती आणि त्याला डब्यात दिली होती. तो डबा ऑफिसात कोणाला तरी देऊन आला होता.

आज त्याने वाटी तोंडाला लावली आणि संपवली. मग दुसरी घेतली.

मी मराठीत, हळू आवाजात म्हटलं, "शेपू आहे त्यात."

त्याचा हात थांबला. वाटीत बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"आहे का?" म्हणाला.

बाईच्या हातचं असलं की शेपूसुद्धा शेपू राहत नाही. एवढ्या वर्षांत माझ्यावर रागावला, रुसला, एकदा आठवडाभर बोलला नाही. पण अपमान आज केला.

तिसऱ्या थांब्यावर व्हिनेगरात मुरवलेले सॉसेज. नावाचा अर्थ बुडालेला माणूस, असं लुडमिला हसत म्हणाली. मी खाल्ले नाहीत, पण नाव एका माणसाला शोभलं. मग तिने उकडलेल्या पावाचा लांबोडा काढला आणि सुरी न लावता दोऱ्याने कापला, आपण उकडलेलं अंडं कापतो तसा. सुरीने दबतो, फुगलेपणा जातो, म्हणाली. तो क्नेडलिक मांस आणि भाज्यांच्या घट्ट पिवळ्या रश्शाबरोबर खायचा. मांस मी बाजूला ठेवलं. रस्सा चांगला होता. हे मी लिहिते आहे कारण खोटं बोलायची या घरात एकालाच परवानगी आहे.

चौथ्या थांब्यावर चीज. पिवळ्या चकत्या, मोज्यांचा वास. स्पॅनिश मुली उठून झाडापलीकडे गेल्या. रमेश मात्र बशीवर वाकून बसला, कोणी चाफ्यावर वाकावं तसा. लांब श्वास घेतला. लुडमिला त्याच्या तोंडाकडे बघत होती. म्हणाली, इंग्रजीत, "एनीथिंग?" त्याने मान हलवली. तिने त्याच्या खांद्याला हात लावला आणि लगेच, दीड मीटर आठवून, काढून घेतला.

हे संभाषण मला मेपासूनच्या शनिवारांपेक्षाही जुनं वाटलं.

शेवटी लॉकवर बुटके ग्लास. बेखेरोव्का, जडीबुटीचं मद्य, कृती दोघांनाच माहीत असते म्हणे. तोंडाजवळ नेलं आणि लवंग, दालचिनी, मागून आणखी काहीतरी, दुपारी मसाल्याच्या डब्याचं झाकण उघडल्यासारखं. मी ग्लास न पिता कठड्यावर ठेवला. वारा होता, डोळ्यांत काहीतरी गेलं. लुडमिलाने एक रुमाल पुढे केला. मी घेतला नाही. पुरावा हाताळू नये.

परत येताना रमेश माझ्यामागे चार पावलं. पुलावर म्हणाला, "नीला, ऐक."

"मी संध्या," मी म्हटलं.

शनिवार, २८ ऑगस्ट

आज तो चालायला गेला नाही. मी शेवटची आमटी केली. शेवटची म्हणजे मसाल्याची. डबा उलटा करून ठोकला तेव्हा एक चमचा निघाला, त्यातला अर्धा घातला. अर्धा का ठेवला ते माहीत नाही. सवयीने.

वाटी त्याच्यापुढे ठेवली आणि सांगितलं, हा शेवटचा, आणि आता ज्या बाईच्या घरी छान म्हणायचं तिथे म्हण.

त्याने वाटीवर हात ठेवला, माझ्याकडे सरकवली.

"मला नको. वाया जाईल."

"आईचा मसाला वाया?"

"मला वास येत नाही, नीला. चव नाही. फेब्रुवारीपासून."

तो बोलत राहिला. माळ्यावर कॉफी गरम पाण्यासारखी लागली तेव्हाच कळलं होतं. वाटलं आठ दिवसांत येईल. नंतर वाटलं, मार्चमध्ये सांगू. मग मार्च गेला.

"एप्रिलमध्ये तू डबा काढलास. दर शनिवारी काढायला लागलीस. मी काय सांगणार होतो? की ती आमटी मला गरम पाण्यासारखी लागते म्हणून?"

बाटल्या डॉक्टरांच्या सल्ल्याने होत्या, रोज दोनदा हुंगायच्या. लुडमिला मेमध्ये फ्लीटवर भेटली. तिचे वास जोरदार असतात म्हणून जायचा. शिवाय तिला, म्हणाला, मी खातो ते छान म्हणून सांगावं लागत नाही.

नीरजा जिन्यात उभी होती. "आय टोल्ड हिम टू टेल यू," म्हणाली आणि वर गेली. म्हणजे घरात फक्त मलाच माहीत नव्हतं. मला, जिला यासाठी पगार मिळतो.

रविवार, २९ ऑगस्ट

खूप राग आहे. सतरा-अठरा शनिवार आईचा मसाला अशा माणसाच्या वाटीत गेला ज्याला तो पाणी वाटत होता. मी मोजून मोजून घालत होते. मूर्ख.

सव्वीस एप्रिलबद्दल इथे लिहायचं नाही असं ठरवलं होतं. त्या दिवसापासून भारताची विमानं बंद झाली, एवढं लिहिते. आई सकाळी गेली आणि विमानं संध्याकाळपासून बंद. भावाने फोन धरला होता, दहा मिनिटं, मग बॅटरी गेली.

रमेशला विचारलं, तुला काही लागत नव्हतं तर दोन-दोन वाट्या का खात होतास. म्हणाला, तू बघत असायचीस.

मग त्यानेही विचारलं, तू का नाही खाल्लीस कधी. मी म्हटलं, मला दहीभात आवडतो.

तो माझ्या पानातल्या दहीभाताकडे बघत राहिला. मी उठून भांडी घासली.

शनिवार, ४ सप्टेंबर

दोघंही गेलो. स्वतःच्या नावाने.

लुडमिलाने माझा हात हातात घेतला आणि सांगितलं की तिला दुसऱ्याच थांब्यावर कळलं होतं. सूपकडे असं फक्त बायको बघते. मी विचारलं, मग बोलली का नाहीस. म्हणाली, बारा वर्षं नवरा-बायकोंची भांडणं चालवत नेली आहेत, टूर अर्ध्यात थांबवायची नसते.

तिचीच टूर प्रागमध्ये एका रात्रीत थांबली होती. पोरीकडे पंधरा दिवसांसाठी म्हणून आली, एक बॅग घेऊन. हे सगळं क्नेडलिक कापता कापता सांगितलं. दोरा माझ्या हातात दिला. माझ्या चकत्या तिरक्या गेल्या. मी म्हटलं, आमच्याकडे उकडलेलं अंडं असं कापतात. ती म्हणाली, आईला कापताना बघितलंस का? मी म्हटलं, हो.

कुलाय्दाच्या वेळी तिने रमेशला डोळे मिटायला लावले. त्याने वाटी नाकाशी धरली, बराच वेळ. मग कपाळावर एक आठी आली. "काहीतरी आहे," म्हणाला, मराठीत. "कुठेतरी लांब. गवत, बहुतेक."

लुडमिलाने माझ्याकडे बघितलं. मी भाषांतर केलं नाही. तिला कळलं होतं.

बेखेरोव्काचा ग्लास आज पुन्हा नाकाशी धरला. प्यायले. कडू, गोड, गरम. वारा आजही होताच.

रविवार, १२ सप्टेंबर

गौरी आल्या. हेगच्या तुर्की दुकानातून शेपू आणला, तीन जुड्या. निवडला, धुतला, चिरला. फोडणीत लसूण, मिरची, भिजवलेली मुगडाळ, आणि वर हिरवा ढीग. घरभर पसरला. नीरजाने तिच्या खोलीचं दार लावून घेतलं.

दुसऱ्या शेगडीवर आमटी. डब्यातला उरलेला अर्धा चमचा. डबा धुतला नाही, झाकण लावून शेल्फात ठेवला, देवांच्या कप्प्यात. सासूबाईंना चाललं नसतं. असू दे.

नैवेद्य दाखवला. भाकरी, शेपू, आमटी. मग पानं घेत होते तेव्हा रमेश माळ्यावरून उतरला. शेवटच्या पायरीवर थांबला. चेहरा वाकडा झाला. तसा, जसा दरवर्षी होतो.

"हे काय जळतंय?" म्हणाला.

"शेपू."

तो तिथेच उभा. मग तोंड वळवून चालत गेला, बाल्कनीचं दार उघडलं, आणि तिथूनच म्हणाला, "गौरीला दुसरं काही आवडत नाही का." आवाज नीट नव्हता त्याचा.

जगातल्या सगळ्या वासांमधून परत यायला याच्या नाकाला तोच सापडला.

बाकी काही नाही आलं. आमटीचा वास घेतला, नाही म्हणाला. लवंग नाही, गुलाब नाही. आज फक्त शेपू. बाल्कनीतल्या खुर्चीवर पान घेऊन बसला आणि भाजी ताटाच्या कडेला ढकलून ठेवली. चोवीस वर्षांत पहिल्यांदा मला त्याचं ते ढकलणं गोड वाटलं, पण हे त्याला सांगायची गरज नाही.

आज दहीभात लावला नव्हता. मी माझ्या पानात आमटी वाढून घेतली. रमेश काचेतून बघत होता. नीरजाने ताटावरून डोकं वर केलं. मी भात कालवला. पहिला घास घेतला.

मग छताकडे बघितलं. तिथे काही नसतं, तरी तो तिकडेच का बघतो ते कळलं. तिकडे बघितलं की खाली काही सांडत नाही.

"मीठ जरा…" मी म्हटलं.

"कमी?" रमेशने दारातून विचारलं.

"कमी. तिच्या आमटीत नेहमीच कमी असायचं."

त्याने मिठाची वाटी आणली. मी घेतलं नाही. दुसऱ्यांदा भात वाढून घेतला, त्यावर आमटी, आणि तशीच संपवली.